बन्सीची दस्ती

गीताबाईच्या घरात, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्यांच्या तळाशी एक दस्ती घडी घालून ठेवली होती. निळ्या चौकटीची, साधी सुती, आपल्याकडच्या कुणाही कामगाराच्या खिशात रुमाल म्हणून असते तशी. दोनदा साबण लावून धुतली तरी तिच्यावरचे तेलाचे डाग गेले नव्हते. या दस्तीपायी एका माणसाचा उजवा हात कोपरापासून गेला होता आणि दुसरा माणूस वेडा व्हायच्या बेतात होता. ती पेटीत आहे हे जगात एकट्या गीताबाईला ठाऊक होतं. तीन आठवडे तिनं ते पोटात दाबून ठेवलं होतं आणि आता तिला घास गिळवत नव्हता.

चिकलठाणा एमआयडीसीत गाड्यांच्या दारांना लावायची रबरी पट्टी बनवणारा एक कारखाना आहे. गीताबाई तिथं आठ वर्षांपासून झाडलोट करत होती. तीसुद्धा कंत्राटावर. तिचं नाव कारखान्याच्या हजेरीत नव्हतं, नानासाहेब नावाच्या कंत्राटदाराच्या यादीत होतं. कारखान्याच्या एका टोकाला मिक्सिंगचा विभाग. तिथं दोन थोराड लोखंडी रोलर शेजारी शेजारी फिरतात आणि त्यांच्या मधून रबराचा लगदा पिळून निघतो. तिकडं बायकांना जायची बंदी. पदर अडकेल, केस अडकतील, अशी कारणं साहेब लोक देत. त्यामुळे आठ वर्षांत गीताबाईनं ती मशीन दुरूनच पाहिलेली. तिथल्या गड्यांच्या आपसातल्या रीती तिला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

त्यातली एक रीत दस्तीची. बन्सी नावाचा फिटर, मूळचा वैजापूरकडचा, वीस वर्षं त्याच मशीनवर राबत होता. मशीन बंद करून मागच्या बाजूला शिरायचं असलं की तो आपली दस्ती विजेच्या पेटीच्या हँडलला बांधायचा. दस्ती बांधलेली आहे म्हणजे आत माणूस आहे, हँडलला हात लावायचा नाही. दस्ती नाही म्हणजे खुशाल चालू करा. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पण विभागात नवा माणूस आला की त्याला मशीनच्या आधी दस्ती शिकवत. वीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

त्या हँडलला लावायला कारखान्यात कुलपं नव्हती असं मात्र समजू नका. खास याच कामासाठी आणलेली चांगली लालभडक कुलपं होती, प्रत्येकावर एकेका फिटरचं नाव. ती काचेच्या कपाटात ओळीनं टांगलेली असत, पाहुणे आले की दाखवायला. कपाटाची किल्ली स्टोअरमध्ये, स्टोअर उघडणार नऊला, आणि बन्सीचं काम सुरू होणार सातला. शिवाय वापरून कुलपांवर ओरखडे पडले तर पाहुण्यांना दाखवायचं काय? असला सगळा कारभार. बन्सीनं दोनदा मागून पाहिली, मग नाद सोडला आणि आपली दस्तीच बरी म्हणाला.

त्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला यायची होती. आठ दिवस आधीपासून नुसती लगीनघाई. फाटकात रांगोळी, भिंतींना नवा रंग, मिक्सिंगच्या दारावर हे एवढं थोरलं स्वागताचं बॅनर. सकाळी आठच्या सुमाराला सुपरवायझरनं गीताबाईला बोलावलं आणि म्हणाला, मावशी, आज मिक्सिंगमधून पण एक हात फिरव, मशीन बंद आहे तोवर. एक चिंधी, एक कपटा दिसता कामा नये. आठ वर्षांची बंदी एका वाक्यात उठली. गीताबाई बादली घेऊन आत गेली. बन्सी मशीनच्या मागं आडवा पडून काम करत होता, तो तिला दिसला नाही. दिसलं ते हँडलला बांधलेलं तेलकट फडकं. कुणीतरी हात पुसून अडकवून ठेवलं असणार. गाठ इतकी घट्ट होती की सोडताना तिनं बांधणाऱ्याला एक शिवीसुद्धा हासडली. मग फडकं बादलीत टाकून ती जिना पुसायला निघून गेली.

पाहुणे फाटकात आले तसा सुपरवायझर ओरडत धावत आला, मशीन चालू दिसली पाहिजे, चालू करा, चालू करा! आकाश नावाचा मशीनवरचा गडी चहा टाकून पळाला. त्यानं हँडलकडं बघितलं. दस्ती नव्हती. त्यानं हँडल वर केलं.

बन्सीची किंकाळी गीताबाईनं जिन्यात ऐकली. पण त्या किंकाळीचा आपल्याशी काय संबंध, हे तिला संध्याकाळी कळलं, नळावर बादली रिकामी करताना. तोवर अख्ख्या कारखान्यात एकच प्रश्न चालू होता, दस्ती गेली कुठं? आणि दस्ती तिच्या हातात होती. तिनं दस्ती पिळली, पिशवीत घातली आणि घरी आणली. का आणली, ते तिला कधीच सांगता आलं नसतं. भ्याली, एवढंच खरं.

पुढचं सगळं त्या एका भिण्यातून निघालं. कॅमेरा होता, पण त्याच्या बरोबर पुढं स्वागताचं बॅनर टांगलेलं. कारखान्याचे मोठे साहेब, हिमांशू साहेब, चौकशीला बसले. बन्सी दवाखान्यातून सांगत होता, म्या दस्ती बांधली व्हती. आकाश सांगत होता, दस्ती नव्हती. दोघांतला एक खोटा, असं साहेबांनी धरलं, आणि हात गेलेल्या माणसाला खोटं ठरवणं बरं दिसेना. तिसऱ्या दिवशी आकाशकडून लिहून घेतलं, अपघात सर्वस्वी माझ्या निष्काळजीपणामुळे झाला. मजकूर त्यांचा, सही त्याची. त्याला घरी बसवलं आणि बजावलं की पोलिसांत प्रकरण आहे, बन्सीला भेटायला जायचं नाही. तिकडं बन्सीला कुणीतरी सांगितलं, आकाश म्हणतो तू दस्ती बांधलीच नव्हतीस. सहा वर्षं ही दोन माणसं एका डब्यात जेवली होती.

आणि गीताबाई रोज सकाळी झाडू घेऊन कामावर जात होती.

एके दिवशी पिठाच्या गिरणीत तिला आकाशची आई भेटली. द्वारकाबाई. दोघी मुकुंदवाडीत एकाच गल्लीत राहत, आकाश गीताबाईला मावशी म्हणायचा. द्वारकाबाईचं तोंड इतकं उतरलं होतं की गीताबाईनं आधी ओळखलंच नाही.

"पोरगं जेवंना, गीताबाई," गिरणीच्या आवाजात ती कानाशी येऊन म्हणाली. "आधी आधी भिंतीच्या खिळ्याला टावेल अडकवायचा अन् मला हाक मारायचा. आये, हाय का तिथं? म्या म्हनायची, हाय. मग काढायचा. आता हाय का? म्या म्हनायची, नाय. तर माझ्याकडं बघत राहायचा. म्हनायचा, दस्ती आसंल गं, मलाच दिसली नसंल. माझे डोळे फितूर झाले. दिवसातून पन्नासदा ह्योच खेळ."

"आन् आता?"

"आता दोन दिस झाले, कडी लावून घेतलीया. हाक मारली तर हूं म्हनतो, तेवढंच. काल न्हानीला गेला तवा म्या खोलीतला स्टूल उचलून शेजारी नेऊन ठिवला." ती थांबली. "वर पंखा हाय न्हवं."

गीताबाईचं दळण झालं तरी ती तिथंच उभी राहिली. गिरणीवाल्यानं दोनदा सांगितलं, आक्का, डबा उचला. तिनं डबा डोक्यावर घेतला आणि घर येईपर्यंत तिला एकच दिसत होतं, शेजारी नेऊन ठेवलेला तो स्टूल. पोराला मारतेय मी, असं ती मोठ्यानं म्हणाली तेव्हा रस्त्यातल्या दोघांनी वळून बघितलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. सर्जेराव पलंगावर बसून ऐकत होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात गेली होती. तिथं त्याला म्हणाले होते, चूक माझी असं लिहून दे, आम्ही तुला सांभाळून घेतो. त्यानं लिहून दिलं आणि महिन्याच्या आत फाटकाबाहेर आला. तेव्हापासून त्याला कागदाची भीती बसली ती बसलीच.

"याड लागलं का तुला?" तो म्हणाला. "तुला आत टाकतील. गरिबाचं नाव कागदावर चढलं की उतरत नाय."

"आन् त्यो पोरगा गेला तर?"

सर्जेरावानं तुटक्या बोटांचा हात मांडीखाली सारला. भाकरी पुढ्यात तशीच होती. मग तो म्हणाला, "माझ्या वक्ताला मशीनचा ब्रेक लागत नव्हता. आठवडाभर. तिघांना ठावं व्हतं. चौकशीत तिघं बी गप बसले."

"तुमी कधी बोलला नाय हे."

"काय बोलायचं? त्यांची बी पोटं व्हती." त्यानं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. बोल असं तो म्हणाला नाही, बोलू नको असंही पुन्हा म्हणाला नाही.

कारखान्यात सेफ्टीचं काम बघायला दोन महिन्यांपूर्वी एक मुलगी आली होती. स्वराली तिचं नाव, ज्योतीनगरला राहायची. घरात आजोबांपासून सगळे कारकून नाहीतर मास्तर, आणि ही डोक्यावर हेल्मेट घालून मशीनखाली वाकून बघायची. गडी तिची नक्कल करायचे. चौकशीचा कागद तिच्याकडं आला तेव्हा तिनं सही करायचं नाकारलं. चूक कुणाची एवढंच विचारलंय, मशीनजवळ हे घडू कसं शकलं ते कुणी विचारलंच नाही, असं तिचं म्हणणं. दोन आठवडे डोकं खाऊन तिनं हिमांशू साहेबांकडून एक बैठक मिळवली. त्या दिवशी पाळीला असलेलं प्रत्येक माणूस तिथं पाहिजे, कंत्राटी बायकासुद्धा, हा तिचा हट्ट.

बैठक दुसऱ्याच दिवशी होती, आणि तिच्याआधी नानासाहेबानं आपल्या बायांना फाटकाजवळ गाठलं. "बसायचं," तो म्हणाला. "बोलायचं नाय. कंपनीचं कंपनी बघून घेईल. ज्याच्या तोंडाला खाज आसंल त्यानं उद्यापासून घरीच खाजवावं."

कँटीनमध्ये खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. सगळ्यांना ते अवघड वाटत होतं, कारण गोलात मागच्या रांगेत लपता येत नाही. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या तर स्वरालीनं स्वतः खुर्च्या ओढत आणून त्यांना बसवलं. हिमांशू साहेब लॅपटॉप उघडून बसले होते. बन्सी आला तेव्हा सगळे उभे राहिले. शर्टाची उजवी बाही दुमडून पिनेनं अडकवलेली. तो खुर्चीत बसताना सवयीनं उजवीकडं टेकायला गेला आणि कलंडला. शेजारच्यानं धरलं. गीताबाईनं डोळे मिटून घेतले.

"आज मी चूक कुणाची हे विचारणार नाही," स्वराली म्हणाली. "तीन गोष्टी विचारणार आहे. कुणाकुणाला लागलं? त्यांना आता काय हवंय? आणि ते देणं कुणाचं काम आहे? जो खरं बोलेल त्याला शिक्षा होणार नाही. तसं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय."

मग तिनं बन्सीला विचारलं, "बन्सीभाऊ, तुम्हाला काय हवंय?"

"हात," बन्सी म्हणाला. "देता का?"

स्वरालीचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती खाली बघत नव्हती, त्याच्याकडंच बघत होती, आणि त्यामुळं की काय, बन्सी पुढं बोलला.

"मंग आक्याला बोलवा. समदे येऊन गेले, केळी-सफरचंदानं घर भरलं. त्यो एकटा आला नाय. म्या दस्ती बांधलीच न्हवती म्हनला म्हने. माझ्या तोंडावर येऊन म्हन म्हनावं." त्यानं बाहीची पिन चाचपली. "आन् खरं सांगू का मॅडम, आता मलाच वाटाया लागलंय, नसंल बांधली. पडल्या पडल्या आठवितो. गाठ मारल्याली आठवती, पन ती त्याच दिवसाची का आदल्या दिवसाची, कळत नाय. म्याच माझा हात घालविला आन् त्या लेकराला बी खाल्लं."

इथं गीताबाईला राहवलं नाही. आपण उठलो कधी ते तिलाही कळलं नाही.

"बांधली व्हती," ती म्हणाली. "दोन गाठी व्हत्या. म्या सोडली."

नानासाहेब दारातून ओरडला, "ए, बस खाली!" पण ती बसली नाही. सकाळी पेटीतून काढून आणलेली दस्ती तिनं पिशवीतून बाहेर घेतली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. "मला वाटलं फडकं हाय. सुपरवायझर सायेब म्हनले, चिंधी दिसता कामा नाय. म्या बादलीत टाकली. सांजच्याला कळलं, तवा भ्याले. तीन आठवडं घरात ठिवलीय. तुमची बी चूक नाय दादा, आकाशची बी नाय. त्यानं खरंच बघितलं, हँडलला कायबी नव्हतं."

बन्सी उठला. त्यानं डाव्या हातानं दस्ती हिसकून घेतली, उलटीपालटी करून बघितली. क्षणभर वाटलं, हा बाईच्या अंगावर जाणार.

"तीन आठवडं!" तो ओरडला. "तीन आठवडं तू रोज हितं झाडू मारतीस, आन् म्या तिकडं सोताला येडा समजतोय! तुला काय काळीज हाय का नाय, आक्का?"

"नाय दादा," गीताबाई म्हणाली. "न्हवतं." ती रडत होती आणि पदर तोंडाला लावायचंही तिला सुचत नव्हतं. आपली बाजू सांगावी असं तिला वाटलंच नाही. सांगण्यासारखी बाजू तिच्याजवळ नव्हती.

बन्सी धापा टाकत उभा होता. मग स्वरालीनं विचारलं, "मावशी, हँडलला दस्ती बांधली म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाय."

"इथं कुणाकुणाला माहीत होतं? हात वर करा."

मिक्सिंगच्या सगळ्या गड्यांचे हात वर गेले. बायांपैकी एकीचाही नाही. हिमांशू साहेबांचाही नाही. मग तिनं विचारलं, त्या दिवशी बायका मिक्सिंगमध्ये येणार हे गड्यांपैकी कुणाला माहीत होतं? एकही हात वर नाही. लाल कुलूप आजवर कुणी वापरलंय? एकही नाही. सुपरवायझर मान खाली घालून बसला होता. बन्सी हळूहळू खाली बसला.

"आमी आमच्यातच ठिवलं," तो दस्तीकडं बघत पुटपुटला. "आठ वर्सं ही बाई पलीकडनं झाडत गेली. हाक मारून सांगावं असं म्याबी कधी म्हनलं नाय. आमाला वाटलं, हिला काय करायचंय."

हिमांशू साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण हेड ऑफिसच्या रिपोर्टात कारणाचा रकाना एकच असतो. आता नाव मिळालंय तर ते टाकून प्रकरण संपवू."

"नाव टाकलंत तर उद्या दुसरी बाई दुसरी चिंधी उचलेल, सर," स्वराली म्हणाली. "आणि तोवर कुलपं कपाटातच असतील."

एवढ्यात नानासाहेब आत आला. त्यानं गीताबाईसमोर हात पसरला. "फाटकाचा पास ठेव."

"शिक्षा होणार नाही असं ठरलंय," स्वराली ताडकन म्हणाली.

"तुमच्या मानसांला नाय, मॅडम. ही माझी बाई हाय."

स्वरालीनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी लॅपटॉपमध्ये बघितलं. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि लाजेचं. आपण दिलेला शब्द फाटकाच्या आतच चालतो आणि ही बाई आठ वर्षं आत येऊनही फाटकाबाहेरचीच आहे, हे तिनं शब्द देताना बघितलंच नव्हतं. ती चूक तिची होती, आणि ती तिला कळली. "मी हे असं सोडणार नाही, मावशी," ती म्हणाली. गीताबाईनं पास गळ्यातून काढून नानासाहेबाच्या हातावर ठेवला. आठ वर्षांची भाकरी होती ती. पण पास हातातून सुटला तेव्हा तिला स्टूल आठवला.

"मॅडम, भांडान मागनं करा," ती घाईनं म्हणाली. "आधी आकाशकडं चला. त्यो पोरगा कडी लावून बसलाय तीन दिस."

"मी बी येतो," बन्सी उठला.

"तुम्ही जाऊ नका," हिमांशू साहेब म्हणाले. "केस चालू आहे. लीगलवाले..."

"सायेब, हात माझा गेलाय," बन्सी म्हणाला. "कुनाला भेटायचं ते बी तुमीच सांगनार का?"

स्वरालीच्या गाडीतून तिघं मुकुंदवाडीत आले. दुपारचे तीन वाजले असतील. द्वारकाबाई आतल्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली होती, पाठ दाराला लावून. बन्सीची दुमडलेली बाही बघून ती उठायला लागली आणि पुन्हा बसली.

"सकाळधरनं हूं बी म्हनला नाय," ती कसंबसं म्हणाली.

गीताबाईनं तिला बाजूला सारलं. आणि ती दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. "आकाश! आरं आकाश, मी गीतामावशी. ऐकतूस का? दस्ती म्या सोडली व्हती. तू आलास तवा हँडलला खरंच कायबी न्हवतं. तुझे डोळे फितूर नाय झाले, बाबा. म्याच पापी, म्या सांगितलं नाय. दार उघड!"

आत काहीच नाही. स्वराली पुढं झाली, म्हणाली, तुम्ही लिहून दिलेला कागद मी मागे घ्यायला लावते, मी स्वतः जबाबदारी घेते. तरी काही नाही. द्वारकाबाई तोंडात पदर कोंबून हलत होती. गीताबाईच्या मनात आलं, उशीर झाला. एक दिवस आधी बोलले असते, गिरणीतून तडक गेले असते. तीन आठवडे हातात होते आणि आपण ते भीतीपायी घालवले, असं तिला वाटलं आणि तिनं दारावर कपाळ आपटलं.

मग आतून आवाज आला. इतका बारीक, की कुणाचा ते कळायला वेळ लागला.

"मावशी, आईनं शिकिवलं का तुला असं बोलाया?"

"नाय रं! खरं बोलते. बाबासाहेबांची शपथ!"

"बरं वाटावं म्हनून बोलतीस. समदे बोलतेत. सायेब म्हनले, व्हती. तू म्हनतीस, नव्हती. मला आता कायबी दाखवा, मला कळनारच नाय." थोडं थांबून तो म्हणाला, "जा मावशी. आईला घेऊन जा तुझ्याकडं आज."

हे ऐकलं तशी द्वारकाबाई किंचाळली. गीताबाईला पहिल्यांदा उमगलं की खरं सांगितलं म्हणजे झालं असं नसतं. खरं ऐकून घेणारा माणूसच आपण आत संपवत आणला होता. तिच्याजवळ आता द्यायला काहीच उरलं नव्हतं, आणि ती दारापासून सरकली.

तिच्या जागी बन्सी आला. त्यानं डाव्या हाताची मूठ दारावर आपटली, एकदाच.

"आक्या."

आतली पावलं दाराजवळ आली.

"बन्सीदादा?"

"व्हय. दार उघड."

"नाय दादा. तुझा हात... मला बघवायचा नाय तो."

बन्सी दाराला टेकला. त्याचा राग अजून गेला नव्हता, गीताबाईवरचा, साहेबांवरचा, कुणास ठाऊक कुणाकुणावरचा. मान खाली घालून तो लाकडाशी बोलल्यासारखा बोलला.

"मला बी बघवत नाय रं. रोज सकाळी पट्टी सोडताना एकटाच बघतो. बायकू तोंड फिरविती, पोरं पळून जात्यात. सहा वर्सं तू माझ्यासंगं जेवलास, आक्या. आता ह्ये मी एकट्यानंच बघायचं का?"

मग कडी सरकली. दार वीतभर उघडलं आणि बन्सी खांद्यानं ते ढकलून आत गेला. स्वराली पुढं होणार तेवढ्यात गीताबाईनं तिचा हात धरून तिला थांबवलं. आतून पहिला हुंदका आला तो दोघांपैकी कुणाचा, हे बाहेर उभ्या असलेल्या तिघींना ओळखू आलं नाही.